साहेबांचं अक्षर

"पत्रं उलटी ठेवू नका. अक्षर दिसलं पाहिजे," दंतवैद्य म्हणाले.

दंतवैद्य चाहता मंडळाचे अध्यक्ष होते. दाढ काढून घेताना पेशंटचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून त्यांनी साहेबांचा फोटो दवाखान्याच्या छताला चिकटवला होता. त्यामुळे साहेब दिसले की अनेकांची दाढ अजून ठणकायची.

साहेबांना जाऊन महिना झाला होता. पन्नास सिनेमे, शिवाय अकरा वर्षं चाललेली मालिका. तिच्यात ते वडील होते आणि बघणाऱ्या प्रत्येक घराला ते आपलेच वाटायचे. प्रत्येक चाहत्याला ते स्वतःच्या हाताने उत्तर लिहितात, अशी त्यांची ख्याती होती. आज वाचनालयाच्या हॉलमध्ये चाहते ती पत्रं घेऊन आले होते. त्यातलं एक साहेबांच्याच अक्षरात बागेतल्या दगडावर कोरायचं होतं.

निवड करायला साहेबांच्या ऑफिसातल्या एकीला बोलावलं होतं. तिने बावीस वर्षं साहेबांचं टपाल सांभाळलं होतं. साहेब तिला पोस्टमास्तर म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायचे.

ती टेबलाभोवती सावकाश फिरली. एक्केचाळीस पत्रं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस तिने लिहिलेली.

"'तुमच्यासारखे प्रेक्षक हेच माझे खरे दिग्दर्शक,'" एक निवृत्त शिक्षिका वाचत होत्या. "हे मला एकटीला लिहिलंय हं."

"माझ्यातही तेच आहे की," शेजारचे शिंपी म्हणाले.

"असेल. पण मला आधी."

ही दोन्ही पत्रं लिहिली त्या वर्षी तिला कावीळ झाली होती. कल्पनाशक्तीचीही तब्येत जरा नरमच होती.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणाला होता, "आजवर साहेब स्वतः लिहायचे, आता वेळ होत नाही. त्यांचं अक्षर काढता येईल?" तिने नमुना न मागता चार ओळी लिहून दाखवल्या. साहेबांनी कागद दूर धरून बघितला. "माझ्यापेक्षा बरं काढतेस," म्हणाले आणि मेकअपला गेले.

नमुना तिच्याकडे तेराव्या वर्षापासून होता. वडील गेले होते, आईने तिच्यासाठी खोके भरायच्या कारखान्यात काम बघून ठेवलं होतं. तेव्हा तिने मालिकेतल्या वडिलांना पत्र टाकलं, कारण विचारायला दुसरे वडील नव्हते. उत्तर आलं. "शाळा सोडू नकोस. मी सोडली, अजून चुकल्यासारखं वाटतं." खाली साहेबांचं नाव. ते पत्र दाखवून तिने आईशी आठ दिवस भांडण केलं आणि जिंकलं.

साहेब चांगले पदवीधर होते, हे तिला पुढे कळलं. एका पोरीसाठी एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःचं शिक्षण कमी करून सांगितलं, याचं तिला उलट कौतुकच वाटलं. पत्राची गोष्ट तिने साहेबांकडे कधी काढली नाही. न जाणो, त्यांना आठवलं नसतं तर?

आज ते तिच्या पर्समध्ये होतं. टेबलावर तिच्याआधीच्या काळातलं एकही पत्र नव्हतं, म्हणजे खरं असं हे एकच. दिलं तर ते मंडळाच्या काचेच्या पेटीत जाणार. न दिलं तर दगडावर तिची कावीळ कोरली जाणार.

"काय ठरलं, पोरी?"

ड्रायव्हरकाका खुर्च्या लावून आले होते. साहेबांची गाडी त्यांनी चाळीस वर्षं चालवली. ती येण्याआधी स्टुडिओतलं टपालही तेच डिकीतून आणायचे. तिला पोरी म्हणणारे ते एकटेच. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "शाळा पुरी केलीस ना?" पदवी घेऊन आलेल्या मुलीला! ऑफिसला तो विनोद वर्षभर पुरला.

तिने पर्स उघडून पत्राचं टोक दाखवलं. काकांना त्याची गोष्ट ठाऊक होती.

"ते तुझ्याजवळच राहू दे," काका म्हणाले. "यातलं कुठलंही चालेल."

"खोटं कोरायचं, काका? दगडावर?"

"साहेबांना चाललं असतं."

"मला नाही चालणार."

काकांनी सरळच असलेली खुर्ची पुन्हा सरळ केली.

तिने पत्र दंतवैद्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. शिक्षिकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "हे मात्र मला नव्हतं आलं," त्या म्हणाल्या.

"वळण बघा," शिंपी म्हणाले. "आख्खं वाक्य लिहून मग वरची रेघ एका दमात ओढलीय. शेवटाला कशी वर गेलीय, घाट चढल्यासारखी."

पाथरवटाने माप घेतलं. "आठ दिवसांत देतो," म्हणाला.

दंतवैद्यांनी आठवणींची वही फिरवली. ती काकांसमोर आली तेव्हा त्यांनी खिसे चाचपले. "चष्मा घरी राहिला."

काकांचा चष्मा बावीस वर्षं घरीच होता. गाडीची नोंदवही मॅनेजर भरायचा, रजेचा अर्ज ती लिहून द्यायची. या वयात माणसाला लाजवू नये, म्हणून कुणी काही म्हणायचं नाही.

फोटो काढायला सगळे बागेत गेले. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी पंखे बंद करून येतो."

फोटो झाला. हॉलमधून बाहेर येऊन काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते फाटकाकडे निघून गेले. तिला आठवलं, वहीत आपलं लिहायचं राहिलंच. ती परत हॉलमध्ये आली.

वही उघडीच होती. शेवटच्या मजकुराची शाई अजून वाळली नव्हती. प्रत्येक ओळीवर वरची रेघ एका दमात ओढलेली, शेवटाला घाट चढल्यासारखी वर गेलेली.

"साहेब, आपण कुणालाच उत्तर देत नव्हता. पण एका पोरीचं पत्र वाचलं आणि ते तसंच डिकीत टाकवेना. आपल्या नावावर तेवढं एकच लिहिलं. पोर शिकली. माफी असावी."