खालची साथ

अमेरिकेतल्या मेकन शहरातल्या स्टुडिओत म्हाताऱ्या होलिसचा रॉक बँड कालच्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग अल्बम काढण्याआधी ऐकत होता. ज्या गाण्यावर अख्खं जॉर्जिया नाचायचं, तेच लागलं आणि होलिसचा चेहरा पडला. त्यातल्या जोडगिटारींत वरची चाल कायम थोरल्या भावाची, वेंडेलची, खालची साथ होलिसची. वेंडेल वारल्यावर चाल होलिसनं वाजवायची ठरलं होतं. पण काल बोटांनी सवयीनं साथच धरली. “चाल आत्ता वाजवून यात भरून टाका साहेब, कुणाला कळतंय?” ध्वनिमुद्रक म्हणाला. होलिसनं भावाची गिटार पेटीतून काढली. “थांबा. पुन्हा लावा,” वेंडेलची बायको लोरीन म्हणाली. तिनं डोळे मिटून ऐकलं. “उभा जन्म मी स्टेजच्या कडेला काढला. त्याच्या चालीखाली तू हे वाजवायचास होय रे?” तिनं होलिसच्या हातून गिटार घेऊन पेटीत ठेवली, झाकण लावलं. “त्याचं पुष्कळ ऐकलं जगानं. हे असंच जाऊ द्या.”