जुन्या होडीतली खोट

मिस्त्रींनी होडीच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला, दोन पावलं पुढे सरकून पुन्हा टकटक केली. लाकूड टणक होतं. म्हणजे खोट इथे नव्हती. पण ती कुठेतरी होतीच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. जन्मभर लोकांचे पंखे, रेडिओ आणि शिलाई मशीन दुरुस्त करून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. धडधाकट वस्तू कोणी विकायला काढत नाही. विकणारा खोट सांगत नाही, ती आपण शोधायची असते.

होडीचे मालक, एक निवृत्त शाळामास्तर, हाताची घडी घालून बाजूला उभे होते. मिस्त्रीणबाई एका पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. मफलर कानावरून घट्ट ओढलेला. त्यांची सर्दी काही केल्या हटत नव्हती. हटेल कशी? हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा मैत्रिणीकडे म्हणून जायच्या आणि ओल्या केसांनी, कानात कापसाचे बोळे घालून परत यायच्या. तिच्याकडे गरम पाणी छान येतं, न्हाऊन आले, म्हणायच्या. मिस्त्रींनी त्यावर फार डोकं चालवलं नाही. बायकांच्या मैत्रीत कशाला नाक खुपसा.

खरं तर आज इथे यायचं काही कारणच नव्हतं. नवी होडी सकाळीच पसंत करून झाली होती. छोटीशी, पांढरीशुभ्र, शिडाची घडीसुद्धा न मोडलेली. सगळे दोर मागे सुकाणूपाशी आणलेले. एकट्या माणसाने बसल्या जागी चालवावी, अशी ऐटबाज. मिस्त्रींचा तिच्यावर जीव जडला होता. दुसऱ्यांच्या मोडक्या वस्तूंत मान घालून घालून पाठीला बाक आला, आता आपली एक तरी वस्तू कोरी असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. पण बाईंनी हट्ट धरला, आधी ही जुनी बघा. घरातलं कपाट जुनं, सायकल जुनी, पलंग जुना. नवरा तेवढा नवा मिळाला होता, तोही आता जुना झाला, असं त्या चारचौघांत म्हणायच्या.

मिस्त्रींना वाईट वाटलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तर हिची ही काटकसर.

पाण्याचं आणि हिचं मुळात जमलंच नव्हतं. लग्न नवं असताना दोघं एकदा नावेतून नदी ओलांडत होते. मधोमध वारा सुटला, नाव डुचमळली, आणि हिने त्यांचा दंड असा आवळला की वळ आठवडाभर गेले नाहीत. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी कुणाची होडी मागून आणायची, तर मिस्त्री एकटेच जायचे. भित्र्या माणसाला कशाला भरीस घाला. ती दारापर्यंत यायची, टोपी हातात द्यायची, सांभाळून जा म्हणायची. ते पाण्यावर पोचले, की तासाभरातच त्यांना घरची आठवण यायची. आता तर दुकानही बंद केलेलं. होडी आली, की हे दिवसभर पाण्यावर आणि ती दिवसभर घरात. दोघांनाही ते दिसत होतं, बोलत मात्र कोणीच नव्हतं.

मिस्त्री होडीत चढले. सुकाणू हलवून पाहिलं, ठीक. डोलकाठीला खांदा लावून पाहिला, हूं की चूं नाही. शिडाला एक ठिगळ होतं, तेही नीटस. होडी किती दिवस अशी उभी आहे, असं त्यांनी विचारलं. दोन वर्षं, मास्तर म्हणाले. मिस्त्रींनी कान टवकारले. ते पुढच्या फळीपर्यंत सरकले, एक दोर ओढला, मग दुसरा, आणि मागे सुकाणूकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“सापडली खोट,” ते म्हणाले. “वळवताना इथे पुढे बसून एक दोर सोडायचा, दुसरा ओढायचा. मग सुकाणू कोण धरणार? ही होडी एकट्याला चालवताच येत नाही.”

मास्तरांनी मान हलवली. खोट म्हणाल तर तेवढीच, म्हणाले. त्या फळीवर त्यांची बायको बसायची. ती गेली, तेव्हापासून होडी पाण्यात उतरलीच नव्हती. त्यांनी फळीवरची धूळ उगीचच हाताने पुसली.

मिस्त्री ओशाळले. घाईने बायकोकडे वळले. आता तरी तिला पटलं असेल.

“ऐकलंस ना? हिला दोघं लागतात.”

“ठाऊक आहे,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या. “मी फोनवर पहिलं तेच विचारलं होतं.”

त्या उठल्या. मफलर काढला, कानातले बोळे काढून खिशात टाकले, चपला बाजूला ठेवल्या. बादली पायाने होडीपाशी सरकवली आणि तिच्यावर पाय देऊन आत चढल्या. होडी लाकडी ठोकळ्यांवर होती, पाणी दूर होतं, तरी ती जराशी डगमगताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्या पुढच्या फळीवर जाऊन बसल्या आणि दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“तलावावर जात होते. पोहायला शिकले,” त्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. “भीती अजून वाटते, पण बुडत नाही. आता तरी मला येतेस का म्हणून विचारा.”