मेजरसाहेबांचा डबा

"उद्या डब्याला नुसता दहीभात दे गं, आई. पोट हलकं असलेलं बरं," जितेश वर्दीची बटणं पुसत म्हणाला.

"बरं," सुगंधा म्हणाली. त्या भातात मिठाचा कणसुद्धा घालायचा नाही, हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

उद्या जितेशच्या अपिलाची मेडिकल होती. तो टेरिटोरियल आर्मीत कॅप्टन. म्हणजे एरवी भाईंदर पश्चिमेच्या बँकेत लोनच्या फायली बघायच्या आणि बोलावणं आलं की वर्दी चढवून कॅम्पला जायचं. गेल्या वर्षी तो मेजर व्हायचा होता. पूनम सागरमधली अख्खी बिल्डिंग त्याला आधीपासूनच 'मेजरसाब' म्हणायला लागली होती. शेजारच्या शहाबेननी तर पेढेही मागून ठेवले होते. आणि मग दिवाळीच्या तोंडावर तो घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "मेडिकलमध्ये अडकलो. रँक नाही."

एवढंच. पुढे ना त्यानं काही सांगितलं, ना सुगंधानं विचारलं. विचारणार कुठल्या तोंडानं? तिला कारण माहीतच होतं.

त्याचं असं झालं होतं. मेजर झालो तर दोन-तीन वर्षं सीमेवर जावं लागेल, असं जितेशच एकदा जेवताना बोलून गेला. तेव्हापासून सुगंधाच्या डोळ्याला डोळा लागेना. एकुलता एक पोरगा! बरं, याला अडवायचं कसं? ऐकणाऱ्यातला नव्हताच तो. त्याच सुमारास ती नवऱ्याला, बाबाजींना, डॉक्टरकडे घेऊन गेली. बाबाजींना जुनं प्रेशर. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, "मावशी, मीठ म्हणजे यांना विष समजा. मिठानंच प्रेशर चढतं."

बाबाजींसाठी अळणी डाळीचं वेगळं पातेलं ती आधीपासूनच चढवायची. आता जितेशच्या डब्यात तिनं उलटा कारभार सुरू केला. सून संचिता पहाटेच कामाला जायची, त्यामुळे सकाळचं स्वयंपाकघर हिच्या एकटीच्या ताब्यात. सुकटीत मीठ, भाजीत मीठ, वर खारातल्या कैरीची फोड. आंबट-तिखट वाढवलं की मीठ लपतं, हे रत्नागिरीच्या बाईला कोण शिकवणार? डबा भरला की ती बाबाजींच्या हातात द्यायची. ते लेकाला गेटपर्यंत पोचवायला जायचे, तेवढाच त्यांचा फेरफटका. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा यायचा. तो बघून तिला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं! खोटं कशाला बोला?

मग रँक गेली, आणि पाठोपाठ बाबाजी पडले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून ते हॉलमधल्या कॉटवर पडून पंख्याकडे बघत असत. पोराच्या पुढ्यातलं ताट आपण ओढलं, म्हणून देवानं आपल्याला ही शिक्षा दिली, असं सुगंधानं मनाशी घट्ट धरलं होतं. जितेश मात्र कुणाला बोल न लावता अपिलाच्या मागे लागला. लिफ्टमध्ये शहाबेन विचारायच्या, "मेजरसाब, क्या हुआ आपका?" तो हसून म्हणायचा, "देखते हैं." ते हसू तिला बघवत नसे. कितीदा वाटायचं, सांगून टाकावं. पण पोरगा पुन्हा आई म्हणून हाक मारील का, या धास्तीनं जीभच रेटायची नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेल्यापासून तिचं कशात लक्ष नव्हतं. बाबाजींना भरवताना पेज त्यांच्या मानेवर सांडली. "या वेळी होऊ दे रे देवा," ती पुसता पुसता पुटपुटली. "जाऊ दे त्याला सीमेवर. कुठंही जाऊ दे."

संध्याकाळी दार उघडलं, तर जितेशच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"फिट लिहिलं, आई! अपील मान्य. आता रँक लागणार!"

सुगंधा रडायलाच लागली.

"अगं, रडतेस काय?"

"माझ्यामुळं गेली होती रे तुझी रँक. मीच पापीण!"

"तू काय केलंस?"

"तुझ्या डब्यात मीठ घालत होते. मुद्दाम. मुठीनं. तुझं प्रेशर चढावं, तुला नापास करावं, म्हणून."

जितेश जो हसत सुटला, त्याला आवरेचना. "अगं वेडे! प्रेशर माझं फर्स्टक्लास होतं. भानगड कानाची होती. फायरिंगच्या सरावात डावा कान बसला होता. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस, म्हणून गप्प राहिलो."

"कान? देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ."

वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. सुगंधा रडता रडता हसायला लागली. तिनं एक अख्खा पेढा त्याच्या तोंडात कोंबला. "म्हणजे माझ्या मिठानं काहीच झालं नाही ना रे?"

"व्हायला मी खाल्लं तर पाहिजे!" पेढा चघळत जितेश म्हणाला. "मेडिकलसाठी मी तेव्हा दुपारी नुसत्या फळांवर होतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. डबा गेटवरच बाबांना देऊन टाकायचो आणि संध्याकाळी वॉचमनकडून रिकामा उचलायचो. अळणी खाऊन विटले होते गं बिचारे. रोज म्हणायचे, 'तुझ्या आईच्या हाताला काय चव आलीये रे!'"