बारावी चिठ्ठी

नऊ सेकंद उरले होते, देशातला पहिल्या नंबरचा बास्केटबॉल संघ एका गुणाने मागे होता, आणि त्या संघाची कर्णधार बाकावर बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

नाडीला काहीही झालं नव्हतं. ओडेसा पेटवेला, पोरींच्या डेसाला, फक्त वर बघायचं नव्हतं. समोरच्या बास्केटमागे यजमान कॉलेजच्या पोरांनी तिचा चेहरा आणला होता. पुठ्ठ्याचा, चांगला माणसाएवढा. डोळे सुजलेले, तोंड वाकडं. एप्रिलमधला फोटो तो. सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आला होता. पोरं तो नाचवत होती आणि घसा फोडून ओरडत होती, "रडूबाई! रडूबाई!"

एप्रिलमध्ये अजिंक्यपदाचा सामना होता. तिचं वेदरली कॉलेज तेव्हाही एका गुणाने मागे होतं आणि शेवटच्या क्षणी डेसाला दोन फ्री थ्रो मिळाले होते. अडवायला समोर कुणी नाही. झोपेतही घालेल असे. दोन्ही कडीला लागून बाहेर पडले. कपही गेला आणि डेसाचा जीवही त्यात कुठेतरी गेला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ही बाई ताकाला शिवायलाच तयार नव्हती. आज सबंध सामन्यात तिने बास्केटकडे एकदाही चेंडू टाकला नाही. हातात आला रे आला की दिला ढकलून, बहुतेक वेळा ब्रिनला. ब्रिन होल्टन पहिल्या वर्षाची पोर, पण नेम असा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

वर्तमानपत्रवाल्यांना याचा पत्ताच नाही! मोसमातला हा तिसरा सामना, नोव्हेंबर अजून अर्धा सरायचाय, आणि मंडळी वेदरलीच्या हातात कप देऊन मोकळी. बाजारात तुरी, दुसरं काय.

कोच मिम्सबाईंनी टाइम-आउट मागितला होता. तीस सेकंद. पोरी गुडघ्यांवर हात टेकून भोवती गोळा झाल्या.

"कोच, शेवटचा चेंडू ब्रिनला द्या," डेसा नाडीशीच बोलली. "सगळ्यांना तेच हवंय."

"सगळ्यांना? तुला येऊन सांगितलं कुणी?"

मिम्सबाईंनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. सगळ्या जणी ते ओळखून होत्या.

ही वेदरलीची जुनी रीत. ऑक्टोबरमध्ये पहिल्या सरावाला बाराही जणींनी एकेक चिठ्ठी लिहायची. सामना हातातून निसटतोय, शेवटचा चेंडू, तर तो कुणाकडे द्यावा? एकच नाव. पाकीट बंद करून कोच जवळ ठेवणार आणि मार्चमध्ये, अजिंक्यपदाच्या सामन्यांना निघताना उघडणार. तोवर कुणी कुणाला विचारायचं नाही. डेसाने 'ब्रिन' लिहिलं होतं. बाकीच्यांनी साधी एक घडी घातली. हिने मात्र घडीवर घडी घालून चिठ्ठी पार वाटाण्याएवढी केली होती. आपलं भय कुणी वाचू नये, एवढीच त्या बिचारीची धडपड.

"अहो, ते मार्चमध्ये उघडायचं!" सहायक कोच दचकली.

"मार्चपर्यंत ही पोर शिल्लक राहिली तर ना!" मिम्सबाईंनी पाकीट टर्रकन फाडलं आणि बाकासमोर फरशीवर उपडं केलं. "उघडा पटापट. वाचत बसू नका, नुसत्या सरळ करा."

पोरींनी चिठ्ठ्या पसरल्या. डेसाने खाली पाहिलं. डेसा. ओडेसा. डेसा पेटवे. कर्णधार डेसा. कुणी नावापुढे नुसतंच 'आणखी कोण?' लिहिलं होतं. ती एकेक बघत गेली आणि तिचे हात नाडीवरच थांबले.

"तू पण?" तिने ब्रिनकडे पाहिलं. "तो सामना बघितला नाहीस का तू?"

"घरी टीव्हीवर बघितला की," ब्रिन म्हणाली. "दोन हुकवलेस, मान्य. त्याच्या आधीचे एकतीस गुण काय माझ्या आजीने केले होते?"

फस्सकन हसल्या सगळ्या. सात महिने ती एकटीच त्या दोन थ्रोंपाशी उभी होती, आणि या पोरी कधीच्या पुढे निघून गेल्या होत्या. तिला घेऊन.

फरशीवर एकच चिठ्ठी उघडायची राहिली होती. वाटाण्याएवढी. ब्रिनने ती उचलायला हात पुढे केला.

"ती राहू दे," मिम्सबाई म्हणाल्या. घडी कुणाची ते त्यांना ऑक्टोबरपासून माहीत होतं. त्यांनी तो वाटाणा उचलून डेसाच्या तळहातावर ठेवला. "अकरा जणींचं ठरलेलं आहे, पोरी. बारावीचं मन वळवायला तुझ्याकडे नऊ सेकंद आहेत."

शिट्टी वाजली. पोरी मैदानात पांगल्या. ब्रिन चेंडू घेऊन रेषेबाहेर उभी राहिली. डेसाने चिठ्ठी मोज्यात खोचली आणि मान वर केली. बास्केटमागे तो भलामोठा रडका चेहरा थयथय नाचत होता. तिने त्याच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं. काय गं अवतार केला होतास, असं तिला वाटलं आणि चक्क हसू आलं.

मग एप्रिलनंतर पहिल्यांदाच तिने हात वर केला आणि सगळ्या गोंगाटावर आवाज चढवून ओरडली,

"ब्रिन! इकडे दे, मला!"