हवाकाकांचा आवाज

“आता ‘शून्य’ म्हणा, मामा. सरळ, चाल न लावता.”

“शून्य,” हवाकाका म्हणाले.

जावयाने कानावरचा हेडफोन सारखा केला आणि मान डोलावली. खाजगी धावपट्टीच्या कडेला असलेल्या त्या पत्र्याच्या खोलीतून हवाकाका चोवीस वर्षं वैमानिकांना रेडिओवर हवामान सांगत आले होते. आता ते काम यंत्र करणार होतं. छपरावर वारा मोजणारी चक्री बसली होती, टेबलावर खोकं आलं होतं. सुटे सुटे शब्द एकदा त्यात भरले की यंत्र आपलं आपण वाक्यं जुळवणार आणि दिवसभर बोलत राहणार. आवाज मात्र काकांचाच हवा, हा मालकांचा हट्ट.

“कोंबडा कापला, आरवणं तेवढं ठेवून घेतलं!” काका म्हणाले.

जावई हसला नाही. एरवी सासऱ्याच्या शिळ्या विनोदालाही हसणारा माणूस. सासऱ्याच्याच जागी यंत्र बसवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. अवघडला असेल बिचारा, असं काकांना वाटलं.

दिवसही वाईटच होते. महिन्यापूर्वी सकाळी सात दहाला एक छोटं विमान धुक्यात झाडांवर आदळलं आणि वैमानिक जागीच गेला. काकांनी त्याला दोनदा बजावलं होतं, धुकं दाट आहे, मागे फिर. “मालकांनी उतरायलाच सांगितलंय, काका,” एवढंच तो बोलला होता. रेडिओवरचं सगळं बोलणं टेप व्हायचं, पण नेमकी त्या दिवसाची टेप सापडत नव्हती. शोधतोय, असं मालक म्हणत होते. गुरुवारी चौकशी होती. काका खोटे ठरले तर तुरुंग.

तुरुंगाचंही एक वेळ चाललं असतं. पण वैमानिकाची बायको बाजारात भेटली आणि त्यांना बघून तोंड फिरवून गेली, त्या दिवशी काका घरी येऊन ढसाढसा रडले होते.

“पुढे काय?” त्यांनी विचारलं.

“‘धुकं दाट’, मग ‘धुकं नाही’. वाऱ्याचंही तसंच. मग तास, मग मिनिटं.”

काकांनी एकूणएक शब्द म्हटला. घसा बसला तेव्हा जावयाने पाणी आणून दिलं.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत वैमानिकाची बायको समोरच बसली होती. काकांनी साहेबांना जे घडलं ते सगळं सांगितलं. मालकांचं नावही घेतलं, भीडभाड न ठेवता.

“पुरावा?” साहेबांनी विचारलं.

मालक उठले. “आहे ना, साहेब. त्या दिवसाची टेप सापडली. यांच्या जावयानेच शोधून दिली.”

काकांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. देव आहे, असं त्यांना पहिल्यांदा मनापासून वाटलं. त्यांनी जावयाकडे बघून हात जोडले. तो मान खाली घालून बसला होता.

“ऐक, पोरी,” ते समोरच्या बाईला म्हणाले. “मी त्याला काय सांगितलं, ते आता तुझ्याच कानांनी ऐक.”

साहेबांनी बटण दाबलं. थोडी खरखर झाली आणि मग काकांचा आवाज आला, अगदी स्वच्छ:

“सात वाजून दहा मिनिटं. वारा शांत. धुकं नाही.”