महालातली सायकल

बातम्यांच्या वेळेला रेडिओवर लष्करी बँड वाजू लागला की सरकार पडलं, हे आमच्या देशात शेंबड्या पोरालाही कळतं. नवा अध्यक्ष कोण, ते मात्र बँड थांबल्यावरच सांगतात.

"अगं, तुझ्या भावाला फोन लाव!" राष्ट्राध्यक्ष पायजम्यातच बायकोवर ओरडले. "रणगाडे त्याच्याच हाताखाली आहेत. आता तोच वाचवेल."

"लावतेय हो! उचलतच नाहीये."

सात वर्षांची रुदैना गालिच्यावर बसून सायकलची सीट खाली करत होती. मागच्या अध्यक्षांचा मुलगा जाताना ती इथेच सोडून गेला होता.

"आत्ता हे काय काढलंयस?" बाबा खेकसले.

"मामाच्या नुमैरचे पाय पोचत नाहीत ना! मामानं सांगून ठेवलंय, बँड वाजला की सायकल त्याची."