नवं तेल

रेडिएटरचं झाकण उघडलं आणि धाकट्याने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. आत स्वच्छ हिरवं पाणी दिसायला हवं होतं. दिसत होता तो दाट, पिवळट, चिकट लगदा.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं. गाडी त्यांची. इतकी जुनी की तिचे सुटे भाग भंगारात शोधावे लागत, पण विकायचं नाव काढलं की बाईंच्या कपाळावर आठ्या. गेल्या आठवड्यात ती ब्रेकच्या कामासाठी इथेच उभी होती. परत नेली आणि काल भर रस्त्यात तापली.

"कूलंटमध्ये तेल गेलंय. बहुतेक हेडचं गॅस्केट उडालं, तिथून इंजिनातलं तेल पाण्यात झिरपतंय."

"म्हणजे इंजिन गेलं?"

"बघतो ना. आधीच सुतक धरू नका."

धाकटा म्हणजे पन्नाशीला टेकलेला, केस पिकलेला माणूस. पण त्याचे वडील अजून रोज गॅरेजमध्ये येत, आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी ते थोरले. मग हा बिचारा धाकटा नाही तर कोण?

त्याने डिपस्टिक ओढून पाहिली. इंजिनातलं तेल काळंकुट्ट, पण त्यात पाण्याचा टिपूस नव्हता. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला, तो चोख. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी डोळे फाडून बसला. बुडबुडा म्हणून आला नाही. गॅस्केट शाबूत होतं.

मग त्याने लगद्यावरचा तवंग बोटावर घेतला आणि उजेडात धरला. तेल मधाच्या रंगाचं होतं. या इंजिनातून आलं असतं तर काजळासारखं काळं आलं असतं. हे तेल इंजिनात कधी गेलंच नव्हतं. डब्यातून थेट इथे आलं होतं, वरून.

रेडिएटरच्या तोंडाभोवती कुठे ओघळ नव्हता. एवढं तेल ओतलं आणि थेंबही बाहेर सांडला नाही. शिवाय झाकण पुसून, नीट आवळून बसवलेलं. असा हात या गॅरेजमध्ये एकाचाच होता, आणि तो धाकट्याचा नव्हता. धाकट्याने ओतलं तर निम्मं जमिनीलाच मिळायचं.

थोरल्यांच्या हातून एकेक काम सुटत गेलं होतं. आधी इंजिन बांधणं, मग वायरिंग, मग साधं चाक बदलणंसुद्धा. उरलं होतं ते एवढंच, सकाळी आल्या आल्या उभ्या गाड्यांचं तेल-पाणी बघायचं. तेवढं धाकट्यानेच हट्टाने त्यांच्याकडे ठेवलं होतं. तेही काढून घेतलं तर आबा घरात भिंतीकडे बघत संपून जातील, याची त्याला भीती होती.

त्याने पुन्हा दाब मोजला. पुन्हा बुडबुड्यांची वाट पाहिली. दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन फुटलेलं निघावं म्हणून देवाला विनवणारा मेकॅनिक कुणी पाहिला नसेल. इंजिन मात्र त्याच्या छातीवर बसून ठणठणीत चाललं होतं.

"इंजिनाला काही झालेलं नाही, बाई."

"अगंबाई, सुटले! मग तुमचं तोंड का असं उतरलंय?"

"रबरी पाइप फुगलेत तेलाने. बदलावे लागतील," तो म्हणाला.

त्याने पाइप बदलले, साबण घातलेलं गरम पाणी भरलं, इंजिन चालवलं आणि खालचा नळ सोडला. ट्रेमध्ये दुधाळ पाणी पडलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पुन्हा दुधाळच.

आतल्या खोलीतून थोरले आले. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे. ट्रेशी उकिडवे बसले, बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"नवं आहे," ते म्हणाले. "गॅस्केटबिस्केट काही नाही. वरून ओतलंय कुणीतरी."

धाकट्याची सकाळ ज्यात गेली होती, ते त्यांनी एका बोटावर सांगितलं होतं. त्याला क्षणभर अभिमान वाटला.

"हो, आबा."

"कोण आहे हा गाढव? कुठलं झाकण कशाचं, एवढं कळू नये?"

बाईंनी एकदा थोरल्यांकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे. त्यांना काय ते कळलं असावं, कारण त्या उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"आहे एक जण," धाकटा म्हणाला. "चांगला माणूस आहे. चुकून झालं त्याच्याकडून."

"चुकून? आज तेल ओतलं, उद्या ब्रेकचा बोल्ट ढिला ठेवेल. कुणाचा तरी जीव घेशील अशाने. गाडीला हात लावू द्यायचा नाही त्याला. उद्यापासून येऊच नकोस म्हणून सांग."

"कसं सांगू, आबा? त्याचं सगळं आयुष्य गेलंय हो या कामात."

थोरले गुडघ्यावर हात टेकून उठले. लेकाचा चेहरा बघून त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला जड जात असेल तर माझं नाव सांग," ते म्हणाले. "माझं ऐकेल तो."